जिगरचा जुना आजार आणि आहार : परहेज किती आणि कुठे थांबवायचं

आपल्या घरांमध्ये कुणाला लिव्हरचा आजार निघाला की दुसऱ्याच दिवसापासून ताट बदलतं. तेल बंद, हळद बंद, अंडं-मटण बंद, दूध जड म्हणून बंद. उरतं काय, तर मुगाची पातळ खिचडी, उकडलेला दुधी आणि उसाचा रस. बीमारपुर्सीला येणारा प्रत्येकजण त्या यादीत आणखी एक गोष्ट जोडून जातो. माझ्या मामूंचं असंच झालं. हिपॅटायटिस बीमुळे त्यांचं लिव्हर खराब झालं होतं. सात-आठ महिने घरच्यांनी अत्यंत प्रेमाने आणि शिस्तीने त्यांना जवळजवळ उपाशी ठेवलं. पोट पाण्याने फुगलेलं, पण दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. एका आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा दंड टेपने मोजला आणि अम्मीला विचारलं, "यांना खायला काय देता?" अम्मीने अभिमानाने सगळं परहेज सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आजाराइतकंच नुकसान या परहेजानेही केलंय."

मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून या विषयावर जे वाचलं, विचारलं आणि घरात करून पाहिलं ते इथे नीट मांडते आहे. प्रत्येक रुग्णाचं प्रमाण वेगळं असतं, ते त्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवायचं. त्यांच्यासमोर बसताना काय विचारावं आणि ते सांगतात ते का सांगतात, एवढं कळावं म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

सगळ्या कावीळी एक नसतात. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो जुना, म्हणजे वर्षानुवर्षं चालणारा आजार. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, लठ्ठपणा आणि डायबिटीससोबत येणारं फॅटी लिव्हर, ही त्याची मुख्य कारणं. दारूला हात न लावणाऱ्यालाही सिरोसिस होतो, हे आपल्या समाजात वारंवार सांगावं लागतं. नाहीतर नमाजी माणसाकडेही लोक संशयाने बघतात. लिव्हर हळूहळू कडक होत जातं, त्यात वण पडतात, त्याला सिरोसिस म्हणतात. नंतर पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, डोक्यावर परिणाम होणं, असे प्रकार सुरू होतात.

आता आहाराशी याचा संबंध पाहू. निरोगी लिव्हर जेवणातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि रात्रभर शरीराला थोडी थोडी पुरवतं. सिरोसिसमध्ये ही कोठी लहान होते. रात्री आठला जेवलेल्या रुग्णाची शिल्लक मध्यरात्रीनंतरच संपत येते आणि मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळू लागतं. एका रात्रीच्या उपवासाने सिरोसिसच्या रुग्णाच्या शरीरात जे होतं, ते व्हायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी राहावं लागेल, असं 1980च्या दशकातच मोजमापाने दिसलं होतं. हे रोज रात्री घडतं. म्हणून दंड आणि मांड्या बारीक होतात, उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढवत नाही. असा अशक्त झालेला रुग्ण जंतुसंसर्गाला लवकर बळी पडतो आणि ऑपरेशनही त्याला जड जातं. लिव्हर बदलण्याच्या यादीत असलेल्यांसाठी तर ही ताकद फार मोलाची.

वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका

पोटात पाणी असेल तर काटा खोटं बोलतो. आहारतज्ज्ञ म्हणून पाण्याशिवायचं वजन अंदाजाने काढतात. पाणी थोडं असेल तर 5 टक्के, मध्यम असेल तर 10, जास्त असेल तर 15 टक्के वजा करतात. दोन्ही पायांना सूज असेल तर आणखी 5 टक्के. समजा काटा 70 किलो दाखवतो, पाणी मध्यम आहे आणि पायही सुजलेत. 15 टक्के गेले, म्हणजे खरं वजन साधारण 60 किलो. पुढचा सगळा हिशेब या 60वर करायचा.

घरच्यांनी काट्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी बघाव्यात. अंगठी, बांगड्या सैल झाल्या का? कानशिलं आत गेली का? बरणीचं झाकण उघडतं का? पकडीची ताकद मोजायचं एक छोटं यंत्रही असतं, काही ठिकाणी ते वापरतात. पाणी वाढतंय का हे बघायला मात्र रोज सकाळचं वजन वहीत लिहावं. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढलं तर ते पाणी असतं, अंगावर लागलेलं अन्न नव्हे. डॉक्टरांना लगेच कळवा.

किती खायचं

यकृताच्या अभ्यासासाठी असलेल्या युरोपियन संघटनेने 2019 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. लठ्ठ नसलेल्या सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान 35 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन मिळावं, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या 60 किलोच्या माणसाला म्हणजे 2100 कॅलरी आणि 72 ते 90 ग्रॅम प्रोटीन. हे निरोगी माणसाच्या गरजेपेक्षा जास्त आहे. पातळ खिचडी आणि दुधीवर हा आकडा गाठणं अशक्य.

आपल्या स्वयंपाकघरात तो असा गाठता येतो. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम. दिवसभरात अर्धा लिटर दुधातून 16. दाट डाळीच्या दोन वाट्यांतून 12 ते 14. मध्यम आकाराच्या सहा चपात्यांतून 18 च्या आसपास, कारण गव्हातही प्रोटीन असतं, हे आपण विसरतो. लहान वाटी दह्यातून 4-5. इथवर 63-64 झाले. त्यात हाड काढून शिजलेलं 100 ग्रॅम चिकन किंवा मासे घेतले की 20 ते 25 ग्रॅमची भर पडते. मांस नको असेल त्या दिवशी 50 ग्रॅम पनीर आणि मूठभर फुटाणे, म्हणजे 15 ग्रॅम. दोन्हीकडून हिशेब बसतो.

यखनी आणि पायांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आजाऱ्याला पाया पाजला की ताकद येते, हा आपला पक्का समज. पायाच्या रश्श्यात मुख्यतः चरबी आणि जिलेटिन असतं. जिलेटिन हे प्रोटीन खरं, पण अपुरं. स्नायू बांधायला लागणारे सगळे घटक त्यात नसतात. यखनीतही ताकद बोटीत राहते, पाण्यात फार थोडी उतरते. रस्सा पाजून बोटी दुसऱ्याला देऊ नका, रुग्णाला बोटीच चावून खाऊ द्या. "जिगरसाठी कलेजी" हाही असाच समज. कलेजीत लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते जादा झालं तर आजारी लिव्हरवरच भार पडतो. कधीतरी चव म्हणून ठीक, औषध म्हणून नाही.

तेल-तूप बंद करण्याचीही बहुतेकांना गरज नसते. माफक तेलातला रोजचा स्वयंपाक चालतो. पित्ताचा मार्ग अडला असेल किंवा शौचाला तेलकट होत असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील. फोडणीतल्या हळदीने कावीळ वाढत नाही. डोळे पिवळे आणि हळदही पिवळी, एवढाच तो संबंध! हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र वेगळ्या. त्यांनी काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदलं गेलंय.

प्रोटीनची भीती कुठून आली

ही भीती अगदीच निराधार नव्हती. आतड्यात प्रोटीनपासून अमोनिया बनतो. आजारी लिव्हर तो पुरता साफ करू शकत नाही, तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि रुग्ण गोंधळतो. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. म्हणून पूर्वी डॉक्टरच अंडी, मांस, डाळ बंद करायचे. पण अमोनिया साफ करायचं काम स्नायूही करतात. प्रोटीन तोडलं की स्नायू घटतात, आणि स्नायू घटले की अमोनिया वाढतो. 2004 मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सुरुवातीला प्रोटीन तोडून दिलं, दुसऱ्याला पहिल्यापासून पूर्ण दिलं. तोडण्याने डोक्याच्या लक्षणांत काही फायदा झाला नाही, उलट शरीरातलं प्रोटीन जास्त झिजलं. आजचा सल्ला असा की प्रोटीन बंद करू नये. ज्यांना मांसाने त्रास वाटतो त्यांना डाळी, दूध, दही, पनीर जास्त मानवतं. डाळी-भाज्यांतल्या चोथ्याने पोटही साफ राहतं.

आणि पोट साफ राहणं इथे फार महत्त्वाचं. लॅक्ट्युलोजचं गोड औषध देतात ते दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावी म्हणून. जुलाब होतात म्हणून परस्पर बंद करू नका आणि आठ-दहा वेळा होईपर्यंतही पाजू नका. पाणी कमी झालं तरी डोकं बिघडतं. रात्री जागरण आणि दिवसा झोप, हात थरथरणं, बोलता बोलता विसरणं, उगाच चिडणं ही सुरुवातीची लक्षणं. शिक्षिका म्हणून आणखी एक सांगते, अक्षर बघा. मामूंना मी रोज वहीत तारीख आणि नाव लिहायला लावायचे. दवाखान्यात न्यावं लागलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांची सही ओळखू येत नव्हती. असं दिसलं तर उशीर करू नका. आणि काल मटण खाल्लं म्हणून असं झालं, असा दोष लगेच ताटाला देऊ नका. बद्धकोष्ठ, आतला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या, यांपैकी काही आहे का हे डॉक्टर तपासतील.

रात्रीचा घास

एकच बदल करता येणार असेल तर हा करा. झोपण्यापूर्वी, इशानंतर दहा-साडेदहाला, रुग्णाला पुन्हा थोडं खायला द्या. त्यात निदान 50 ग्रॅम कर्बोदकं हवीत. दोन चपात्या आणि कपभर दूध, किंवा दुधातल्या शेवया, किंवा केळं, दूध आणि सत्तू. डायबिटीस असेल तर साखर न घालता चपाती-दूध किंवा दलिया, आणि गोळ्या-इन्सुलिनचं गणित डॉक्टरांकडून बसवून घ्या. न्यूझीलंडमध्ये 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 700 कॅलरींचा जादा आहार काही रुग्णांना दिवसा दिला आणि काहींना रात्री. वर्षभरात अंगातलं प्रोटीन वाढलं ते रात्री घेणाऱ्यांचं. सकाळी उठल्यावरही नाश्त्याला उशीर नको. दिवसभरात तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी बरी, कारण पोटातल्या पाण्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. जेवताना ग्लासभर पाणी पिऊन जागा अडवू नका, पाणी नंतर प्यावं.

मीठ

पोटात पाणी किंवा पायांना सूज असेल तर मीठ कमी करावं लागतं. साधारण मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. चहाचा एक सपाट चमचा, त्याहून थोडं कमीच. पाकिटावर सोडियम मिलीग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. सुजेचं लक्षण नसेल तर सगळ्यांनाच इतकं कडक परहेज लागत नाही.

खरी अडचण भाजीतल्या मिठाची नसते. पापड, लोणचं, फरसाण, खारी, पाव, पाकिटातल्या नूडल्स, सॉस यांतून मीठ नकळत जातं. कोकणातल्या घरांत सुके बोंबील, सुकट आणि खारवलेले मासे. बकरी ईदनंतर मीठ लावून सुकवलेलं मांस. बाजारच्या आगळातही मीठ असतं. खाण्याचा सोडा आणि गॅसवर घेतो ती फसफसणारी पूड, दोन्हींत सोडियमच. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनसारखी पाणी काढणारी गोळी चालू असताना ते धोक्याचं ठरू शकतं. शहाळ्याचं पाणी आणि खजूर किती घ्यायचे हेही अशा वेळी विचारूनच.

आम्ही घरी असं करतो : डाळ-सालन मिठाशिवाय शिजवायचं, रुग्णाचा वाटा आधी काढायचा, मग बाकी भांड्यात मीठ. रुग्णाचं दिवसाचं मीठ सकाळीच एका डबीत मोजून ठेवायचं, तो ताटात वरून घालेल तेवढंच. लिंबू, चिंच, कोथिंबीर, लसूण, भाजलेलं जिरं यांनी चव येते. तरीही अळणी म्हणून ताट अर्धं परत येत असेल तर मिठाची मर्यादा थोडी सैल करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. न खाण्याचं नुकसान मोठं आहे. पाण्यावरची मर्यादाही सगळ्यांना नसते. रक्तातलं सोडियम बरंच उतरलं तरच डॉक्टर ती घालतात.

रमजान

दर वर्षी हा प्रश्न निघतो आणि दर वर्षी एखादा रुग्ण कुणाला न सांगता रोजा धरतो. वर रात्रीच्या उपवासाबद्दल जे सांगितलं तेच इथे तेरा-चौदा तास, भर दिवसा, पाण्याशिवाय घडतं. लॅक्ट्युलोज, पाण्याच्या गोळ्या, इन्सुलिन यांच्या वेळा चुकतात. पोटात पाणी झालेलं, डोक्यावर परिणाम झालेला, रक्ताची उलटी झालेली असेल, तर डॉक्टर रोजाला स्पष्ट नाही म्हणतात. आजार सुरुवातीचा आणि स्थिर असेल तर काहींना तपासणीनंतर आणि देखरेखीखाली परवानगी मिळते, पण ते रमजानच्या महिनाभर आधी विचारायचं, चाँदरातीला नाही. आजाऱ्याला सवलत कुराणातच, सूरह बकरहमध्ये दिलेली आहे. बरं व्हायची आशा नसलेल्या जुन्या आजारात फिदयाची वाट आहे, तिचा तपशील आपल्या आलिमांकडून घ्यावा. मामू मानत नव्हते. शेवटी मशिदीच्या इमामसाहेबांनी घरी येऊन त्यांच्यासमोर बसून त्यांना दुपारचं जेवायला लावलं, तेव्हा ऐकले. घरात रुग्ण एकटा जेवतोय असं त्याला वाटू नये, एवढं तरी आपण बघू शकतो. लहान मुलं असतातच सोबतीला.

झाडपाला, चूर्ण आणि गोळ्या

काविळीचं औषध देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. बरी होणारी कावीळ आपोआप बरी होते, नाव त्याचं होतं. जुन्या आजारात हा खेळ महागात पडतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला गंभीर इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवून प्रसिद्ध केलं. "नैसर्गिक आहे, नुकसान काय करणार" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. कलौंजी मसाल्यात चालते, पण तेल किंवा पूड औषध म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका. किडनी आणि पोटातला रक्तस्राव, दोन्हींचा धोका असतो. उसाच्या रसात साखर सोडून फारसं काही नाही, आणि गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणी सांगत नाही. शिंपल्या, कालवं नीट शिजवूनच द्या. अर्धकच्च्या शिंपल्यांतले जंतू अशा रुग्णाचा जीव घेऊ शकतात.

फॅटी लिव्हर असलेल्या, पण सिरोसिस नसलेल्या वजनदार माणसाला वरचा "जास्त खा" हा सल्ला लागू नाही. त्याला 7 ते 10 टक्के वजन हळूहळू उतरवायचंय. कोल्ड्रिंक, मिठाई, तळण कमी आणि रोज चालणं. बिनसाखरेची कॉफी चालते, लिव्हरला ती बरी असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सिरोसिस आणि लठ्ठपणा दोन्ही असतील तर प्रोटीन न तोडता वजन कसं उतरवायचं, हे आहारतज्ज्ञांशिवाय करू नका.

सल्ल्याला जाताना

जो स्वयंपाक करतो त्याने जावं. बहुतेक वेळा सल्ला ऐकतो मुलगा किंवा शौहर आणि चुलीशी असते ती घरी. निरोप पोहोचेपर्यंत "1.2 ग्रॅम प्रोटीन"चं "अंडं देऊ नका" झालेलं असतं. तीन दिवस रुग्णाने काय आणि किती वाट्या खाल्लं ते लिहून न्या, खरं लिहा. सगळ्या गोळ्या, हकिमाच्या पुड्यांसह, पिशवीत घालून न्या. दात दुखतात का, चव गेलीय का, मळमळतं का, हेही सांगा. छापील तक्ता हातात दिला आणि त्यात तुम्हाला न परवडणाऱ्या गोष्टी असतील तर तिथेच बोला. ब्रोकोलीशिवाय चालतं. फुटाणे, शेंगदाणे, अंडी, डाळ, दूध यांत काम भागतं.

रुग्ण बाई असेल तर आणखी एक. आपल्याकडे ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि उरलेलं खाते. तिच्या वाटणीचं अंडं, दूध, बोटी आधी वेगळं काढून ठेवावं लागेल, आणि ती ते नातवाला देणार नाही याकडे कुणीतरी लक्ष ठेवावं लागेल.

हिपॅटायटिस बी किंवा सीच्या रुग्णाचं ताट-ग्लास वेगळं करू नका. हे आजार एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत, ते रक्तातून पसरतात. वस्तरा, ब्लेड, टूथब्रश वेगळे ठेवा आणि बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस घ्या. 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मामूंचा दंड सहा महिन्यांनी त्या बाईंनी पुन्हा मोजला. दीड सेंटिमीटर वाढला होता. लिव्हर होतं तसंच होतं, पण जुम्म्याला ते स्वतःच्या पायांनी मशिदीत जाऊ लागले होते.